अठराशेची कपात

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, बदलापूरच्या खरवईत किंवा शहाड-उल्हासनगरच्या पट्ट्यात कामगारांच्या पगाराच्या स्लिपा पाहिल्या, तर एक आकडा पुन्हापुन्हा भेटतो. कुणाचं बेसिक 16 हजार, कुणाचं 22, एखाद्या जुन्या ऑपरेटरचं 30. पण पीएफच्या रकान्यात मात्र 1,800. बायोडेटा घेऊन फिरणारी पोरंही गेटवर हेच विचारतात, ‘पीएफ पूर्ण पगारावर कापतात की अठराशेच?’

हे अठराशे म्हणजे 15,000 चे 12 टक्के. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात सक्तीची कपात 15,000 रुपये पगारापर्यंतच आहे. त्यावरच्या रकमेवर कापायचं की नाही, हे मालक आणि कामगार यांच्या मर्जीवर, म्हणजे व्यवहारात मालकाच्याच. ही वेतनमर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून जिथल्या तिथे आहे. ती 21 हजार करावी, 25 हजार करावी, अशी चर्चा अनेक वर्षं दिल्लीत चालू आहे. जानेवारी 2026 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला याबाबत चार महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं. मर्यादा वाढवावी का, याला माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. पण नुसती वाढवून भागेल, असं मात्र मला वाटत नाही. त्याचं कारण कळण्यासाठी थोडं गणित करावं लागेल.

आधी हे पैसे जातात कुठे ते पाहू. कामगाराच्या पगारातून कापलेले 1,800 सगळेच्या सगळे त्याच्या पीएफ खात्यात जमा होतात. मालकही तेवढेच 1,800 भरतो, पण त्याच्या रकमेला दोन वाटा फुटतात. पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे 1,250 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 550 पीएफमध्ये. पेन्शनसाठी केंद्र सरकार स्वतःचे 1.16 टक्के घालतं, म्हणजे 174 रुपये. कामगाराच्या स्वतःच्या खिशातून पेन्शनला एक पैसाही जात नाही, ही गोष्ट वीस-वीस वर्षं नोकरी केलेल्यांनाही अनेकदा माहीत नसते. ही योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून सुरू झाली, म्हणून तिचं चालू नाव ‘ईपीएस-95’. त्याआधी 1971 ची फॅमिली पेन्शन होती. ती कामगार वारल्यानंतर कुटुंबाला मिळायची. त्याला स्वतःला म्हातारपणी काही नव्हतं.

पेन्शनचं सूत्र एका ओळीचं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी, पण वेतनमर्यादेच्या आतली. पगार 40 हजार असला तरी हिशेबात 15 हजारच. म्हणजे 15 हजारांवर पूर्ण 35 वर्षं नोकरी केली, तर साडेसात हजार. वीस वर्षांहून जास्त सेवा असेल तर दोन वर्षांचा बोनस मिळतो. तो धरला तरी आठ हजारांच्या आतच. सूत्र ज्याला जास्तीत जास्त देईल, त्याची ही गत.

प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही. समजा, अंबरनाथच्या एका कारखान्यात एक फिटर 1995 च्या अखेरीस लागला आणि तीस वर्षांनी, 2025 मध्ये, 58 पूर्ण करून सुटला. त्याचं शेवटचं बेसिक 28 हजार होतं. 2014 मध्ये मर्यादा 6,500 वरून 15,000 झाली, तेव्हा सरकारने नियम केला की जुन्या वर्षांचा हिशेब जुन्या मर्यादेने आणि नव्या वर्षांचा नव्या मर्यादेने. म्हणजे पहिली 19 वर्षं 6,500 वर आणि पुढची 11 वर्षं 15,000 वर. पहिल्या भागाचे येतात सुमारे 1,760 रुपये, दुसऱ्याचे सुमारे 2,360. बेरीज चार हजार शंभरच्या आसपास, बोनस धरून साडेचार हजारांच्या आत-बाहेर. दरमहा 28 हजार बेसिक घेणाऱ्याच्या हातात पुढच्या महिन्यापासून साडेचार हजार! या रकमेला महागाई भत्ता नाही. 2025 मध्ये जी ठरली, तीच 2040 मध्ये.

हा फिटर तसा नशीबवानच म्हणायचा, कारण त्याचा कारखाना तीस वर्षं चालू राहिला. शहाडच्या पुढे आंबिवलीला, मोहन्याची एनआरसी कंपनी 2009 मध्ये बंद पडली. तिथे 1995 पासून पेन्शन योजनेत असलेल्याची सेवा भरली 14 वर्षं आणि मर्यादा होती 6,500. सूत्रात घाला: 1,300 रुपये. 1995 च्या आधीची नोकरी असेल तर त्या वर्षांपोटी थोडी वेगळी भर पडते, पण ती मोजकीच. आणि हे 1,300 रुपयेसुद्धा पंचेचाळिशीत कारखाना बंद पडला तेव्हाचे. 58 व्या वर्षी ते हातात पडेपर्यंत तेरा वर्षांची महागाई त्यांना खाऊन बसलेली असते. पन्नाशीनंतर लवकर घ्यायची म्हटलं, तर अलीकडच्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कापून. केंद्राने संसदेत दिलेल्या 2025 च्या आकड्यांनुसार देशभरातल्या सुमारे 81 लाख ईपीएस पेन्शनरांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना दीड हजारांपेक्षा कमी मिळतात. सहा हजारांच्या वर मिळणारे शंभरात एकही भरत नाहीत.

अंबरनाथमध्ये ही गोष्ट जास्त टोचते, याला कारण आहे. तिथली ऑर्डनन्स फॅक्टरी. 1 जानेवारी 2004 च्या आधी तिथे लागलेल्या कामगाराला शेवटच्या पगाराच्या निम्मं पेन्शन, वर वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता. केंद्र सरकारच्या पेन्शनची किमान रक्कमच 9,000 आहे आणि भत्ता धरून ती आता 14 हजारांवर गेली आहे. ईपीएसची किमान रक्कम 1,000. ऑर्डनन्सचा कामगार आणि बाहेरच्या कारखान्यातला, दोघंही एकाच लोकलने आले, मुलं एकाच शाळेत गेली, लेथवर हातही सारखाच चालायचा. एकाची भिंतीच्या आत नोकरी होती, दुसऱ्याची भिंतीबाहेर. विम्को नाक्यावर आज आगपेटीचा कारखाना उरलेला नाही, नाव तेवढं राहिलं; तिथून निवृत्त झालेल्यांना विचारलं तर हा फरक ते रुपयांत सांगतात.

आता मर्यादेकडे. 1952 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ती 300 रुपये होती. 1957 मध्ये 500, 1962 च्या अखेरीस 1,000, 1976 मध्ये 1,600, 1985 मध्ये 2,500, 1990 मध्ये 3,500, 1994 मध्ये 5,000, 2001 मध्ये 6,500 आणि 2014 मध्ये 15,000. आठ वेळा वाढली, पण कशी? कधी चार वर्षांनी, कधी चौदा. कायद्यात कुठेही ‘दरवर्षी’ किंवा ‘महागाईप्रमाणे’ असा शब्द नाही. सरकारला वाटेल तेव्हा.

2014 ची वाढ दुपटीहून जास्त दिसते. प्रत्यक्षात औद्योगिक कामगारांच्या महागाई निर्देशांकाने 2001 चे 6,500 पुढे नेले, तर 2014 मध्ये ते पंधरा हजारांच्याही थोडे वर, सोळा हजारांच्या आसपास जातात. त्याच निर्देशांकाने 2014 चे 15,000 आजपर्यंत आणले, तर सुमारे 25,000 होतात. म्हणजे ज्या 25 हजारांची चर्चा ‘मोठी वाढ’ म्हणून होते, ती वाढ नाहीच. अकरा वर्षांत झिजलेलं भरून काढणं आहे. त्या अकरा वर्षांत निवृत्त झालेल्यांचं मात्र काही भरून निघत नाही.

ही मर्यादा आता किती खाली आली आहे? केंद्राने 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू केलेलं किमान वेतन पाहा. बांधकाम, साफसफाई, माल चढवणं-उतरवणं अशा कामांतल्या अकुशल कामगाराला मोठ्या शहरांत दिवसाला 783 रुपये, महिन्याला 20,358. म्हणजे सरकार स्वतःच ज्याला कमीत कमी वीस हजार द्या म्हणतं, त्याच्या म्हातारपणाचा हिशेब करताना त्याचा पगार पंधराच धरतं. आजारपणाच्या विम्याची, ईएसआयची मर्यादा 2017 पासून 21,000 आहे. एकाच कामगाराला दवाखान्यासाठी एक मर्यादा, पेन्शनसाठी दुसरी.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. तिथे सोशल सिक्युरिटीचा कर पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच लागतो आणि 2026 साठी ती मर्यादा 1,84,500 डॉलर आहे, सरासरी पगाराच्या अडीचपटीहून जास्त. ती दरवर्षी सरासरी पगाराबरोबर आपोआप वाढते. तिथला वाद श्रीमंतांनी आणखी द्यावं का, हा आहे. कारण तिथल्या निवृत्ती निधीची गंगाजळी 2033 मध्ये संपेल, असा त्याच्या विश्वस्तांचा 2025 चा अंदाज आहे. आपल्याकडे मर्यादेच्या वर उभा आहे तो खरवईतला केमिकल प्लांटचा हेल्पर. त्यामुळे तिकडचे लेख वाचून ‘वरच्यांकडून घ्या, खालच्यांना द्या’ असं इथे म्हणायला गेलं, तर गणित जुळत नाही. तिकडून उचलण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे आपोआप वाढ.

आता मर्यादा 25 हजार झाली तर काय होईल? ज्याचं बेसिक 25 हजार आहे आणि आज अठराशे कापले जातात, त्याची कपात 3,000 होईल. हातात 1,200 कमी पडतील. मालकाला पीएफ, विमा आणि प्रशासकीय खर्च धरून आज त्याच्यामागे 1,950 भरावे लागतात, ते 3,250 होतील. साठ अशा कामगारांच्या युनिटला महिन्याला 78 हजारांचा फटका. मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करणाऱ्या, बिलं नव्वद दिवसांनी सुटणाऱ्या कारखानदाराला हा आकडा लहान नाही. त्याचा त्रागा मी खोटा मानत नाही. पण त्यावरचा त्याचा उपायही सगळ्यांना ठाऊक आहे. पगार ‘सीटीसी’मध्ये, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात ठरवला, की मालकाचा वाढीव हिस्साही कामगाराच्याच पगारातून निघतो. ठेकेदारीत तर दर आधीच ‘सगळं धरून’ ठरलेला असतो. मग बाराशेच्या जागी पंचवीसशे कमी, आणि बदलापुरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हे पंचवीसशे म्हातारपणी परत मिळणार आहेत, हे पटवून देणं सोपं नाही.

दुसरी पळवाट भत्त्यांची. एकूण पगार 24 हजार, पण बेसिक 9 हजार दाखवायचं आणि बाकी सगळं घरभाडं, प्रवास, ‘विशेष भत्ता’. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता बेसिकचाच भाग धरा. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले, की वरचा भाग वेतनात मोजायचा. म्हणजे खालची फट बरीच बुजली. वरचं छत मात्र पंधरा हजारांवरच आहे, त्यामुळे फट बुजल्याचा फायदाही तिथेच अडतो.

मोठ्या, जुन्या कारखान्यांत पूर्ण बेसिकवर पीएफ कापतात. तिथे मर्यादा वाढवली, तर नवा पैसा येणारच नाही. मालकाच्या 12 टक्क्यांतून आज 1,250 पेन्शनला जातात, ते 2,083 होतील. वाढलेले 833 रुपये पीएफ खात्यातून उचलले जातील. एका खिशातून दुसऱ्या खिशात. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा? वय काय, यावर ठरतं. वर्षाला हे सुमारे दहा हजार झाले. त्या एका वर्षाच्या बदल्यात सूत्राने महिना 143 रुपये पेन्शन वाढते, म्हणजे वर्षाला 1,714. पंचावन्नच्या माणसाला हा उत्तम सौदा आहे. तीन वर्षांत दहा हजारांवर एवढं उत्पन्न त्याला दुसरीकडे मिळणार नाही. पण तिशीतल्या मुलाचे तेच दहा हजार पीएफमध्ये आजच्या 8.25 टक्के व्याजाने 28 वर्षं राहिले, तर 92 हजारांच्या आसपास होतात. त्यावर वर्षाला सात टक्के धरले तरी सहा हजारांहून जास्त उत्पन्न. त्याच्या पदरात पडणार 1,714. वारल्यावर बायकोला निम्मी पेन्शन आणि मुलांना काही भाग मिळतो, हा विम्याचा भाग खरा. तरीही तफावत मोठी आहे.

मुद्दा इथेच आहे. सूत्र शेवटच्या पाच वर्षांच्या पगाराचं आहे. तिशीतल्या मुलाला ते परवडतं, ते तो निवृत्त होईल तेव्हा मर्यादा महागाईबरोबर चढलेली असेल तरच. मर्यादा गोठली, की तरुणाचा पैसा गोठतो. आणि दहा-बारा वर्षांनी एकदम उडी मारली, की सरकार घाबरतं: जुनी वर्षंही नव्या पगाराने मोजली, तर निधीला खड्डा पडेल. म्हणून जुनं जुन्याने, नवं नव्याने, ही 2014 ची युक्ती. उद्या 25 हजार केली, तरी हीच युक्ती पुन्हा वापरली जाईल, याबद्दल मला शंका नाही. आपल्या फिटरच्या मुलाच्या पेन्शनमध्ये मग तीन थर असतील. त्यापेक्षा मर्यादा दरवर्षी निर्देशांकाप्रमाणे थोडी थोडी चढवली, तर निधीलाही धक्का बसत नाही आणि मालकालाही एकदम 78 हजारांची चिठ्ठी येत नाही.

न्यायालयात या विषयाचं बरंच दळण दळलं गेलं. पूर्ण पगारावर पेन्शन घेण्याची वाट 1996 मध्ये उघडली होती, ती 2014 मध्ये बंद केली. केरळ उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते बदल रद्द केले. 4 नोव्हेंबर 2022 रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने ते बहुतांशी वैध ठरवले, पण 1 सप्टेंबर 2014 ला नोकरीत असलेल्यांना पूर्ण पगाराचा पर्याय निवडण्यासाठी मुदत दिली. मग सायबर कॅफेत रांगा लागल्या, मालकांकडून जुनी कागदपत्रं मागवली गेली. देशभरातून सतरा लाखांवर अर्ज आले. पण ज्याचा पीएफ आयुष्यभर अठराशेच कापला, त्याला या पर्यायाचा उपयोग शून्य.

आणि जे आधीच निवृत्त झाले, त्यांना मर्यादा 25 हजार होवो की 50, एक रुपयाही वाढत नाही. त्यांचा लढा वेगळा आहे आणि तो महाराष्ट्रातून चालतो. बुलढाण्यात कमांडर अशोक राऊत यांच्या ईपीएस-95 राष्ट्रीय संघर्ष समितीचं साखळी उपोषण 24 डिसेंबर 2018 ला सुरू झालं. मागणी किमान साडेसात हजार आणि महागाई भत्ता. भगतसिंग कोश्यारी महाराष्ट्राला राज्यपाल म्हणून माहीत आहेत, पण त्याआधी, 2013 मध्ये, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने किमान पेन्शन 3,000 करा आणि सरकारने आपला हिस्सा वाढवा, असं सांगितलं होतं. वर्षभराने सरकारने किमान रक्कम ठरवली ती 1,000. या लोकांसाठी पैसा तिजोरीतूनच यावा लागेल. त्यांच्या नावाने हप्ता भरणारा मालक आता कुठून आणायचा?

उल्हासनगरच्या कॅम्प चार-पाचमधल्या जीन्सच्या गाळ्यांपर्यंत मात्र यातलं काहीच पोचत नाही. पीएफचा कायदा वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो. ही वीसची अट 1960 च्या अखेरीपासून तशीच आहे. त्याआधी ती पन्नास होती. खाली कटिंग, वर शिलाई, पलीकडच्या शटरमध्ये बटण आणि पॅकिंग, प्रत्येकाचं नाव वेगळं, प्रत्येकाकडे दहा-बारा कारागीर, मजुरी पीसवर. असंघटित कामगारांसाठी 2019 मध्ये श्रमयोगी मानधन योजना आली, साठीनंतर तीन हजार देणारी आणि हप्त्यात सरकार निम्मा वाटा उचलणारी. तिच्यातही कमाईची अट आहे, महिना 15,000 पर्यंत. दिवाळीच्या हंगामात अठरा-वीस हजारांची शिलाई करणारा कारागीर पीएफमध्ये बसत नाही, कारण गाळा लहान. मानधनात बसत नाही, कारण कमाई जास्त. त्याच्यासाठी उरते अटल पेन्शन, चाळिशीच्या आत नाव घातलं तर. तिचा सगळा हप्ता त्याने स्वतःच भरायचा.